अकरा मिनिटं चाळीस सेकंदांनंतर

“आवाज येतोय ना? मग ऐका की! चित्रात काय एवढं बघायचंय?”

आमचे व्यवस्थापक साहेब हे बोलले तेव्हा हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातल्या आम्ही नऊजणी खुराड्याएवढ्या खोलीत एकमेकींना खेटून उभ्या होतो. समोर जुना कॉम्प्युटर. पडदा काळाकुट्ट, आणि त्या काळोखातून एक बाई गोड आवाजात सांगत होती, ‘आता चित्रात दाखवल्याप्रमाणे हातमोजे काढा.’ कुठलं चित्र आणि कुठले हातमोजे! आमच्यातली इस्त्रीवाली जन्मापासून बहिरी. ती बिचारी आधी पडद्याकडे बघत होती, मग साहेबांच्या तोंडाकडे, मग आमच्याकडे. तिच्यासाठी त्या खोलीत काहीच चालू नव्हतं.

साहेबांनी रजिस्टर पुढे सरकवलं. “सुरक्षा प्रशिक्षणाचा व्हिडिओ पाहिला, अशी सही करा. कॉम्प्युटर दुरुस्त झाला की सावकाश बघा. मला आज संध्याकाळपर्यंत वर कळवायचंय.”

सगळ्यांनी वाफेकडे पाहिलं.

वाफ म्हणजे आमच्या मुकादम बाई. तोंडावर आम्ही ताई म्हणायचो, पाठीमागे वाफ. एकतीस वर्षं धुलाईखान्यात काढलेली बाई. बॉयलर नुसता कण्हला तरी कुठे दुखतंय ते तिला कळायचं. आणि राग असा, की झाकण उडालं की समोरचा भाजलाच. एकदा सर्जन साहेबांनी चादरींच्या गाठोड्यात कात्री तशीच ठेवली होती, तर ती कात्री घेऊन ही थेट त्यांच्या खोलीत गेली होती आणि म्हणाली होती, “ही तुमची. माझ्या बाईच्या बोटात सापडली.”

पण त्या दिवशी ती चिडली नाही. हेच तर सांगायचंय. बाहेर ऑपरेशन थिएटरच्या कपड्यांच्या चार ढकलगाड्या धुवायच्या पडल्या होत्या, एक मशीन बंद होतं, आणि वरून दर दहा मिनिटांनी फोन येत होता. ती म्हणाली, “द्या इकडे ते रजिस्टर.” सही केली. मग आम्ही सात जणींनी केल्या. मीही केली. माझं काम घड्या घालायचं. मला वाटलं, आपल्याला काय करायचंय व्हिडिओशी.

इस्त्रीवालीने पेन घेतलं नाही. तिने स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं, मग पडद्याकडे, आणि मान हलवली. ‘मी पाहिलं नाही.’ एवढं साधं म्हणणं होतं तिचं. वाफेने तिच्या हातात पेन दिलं, दंडावर थोपटलं आणि ‘कर गं, होऊ दे’ अशी खूण केली. वाफ सांगतेय म्हटल्यावर तिने केली सही.

त्यानंतर अकरा आठवड्यांनी तिचा हात भाजला.

चादरी दाबायचा मोठा प्रेस होता आमच्याकडे. वर-खाली दोन तापलेल्या लोखंडी पाट्या, मध्ये चादर. काम झालं की आतली वाफ एका झडपेतून बाहेर पडते. झडप अडकली तर आधी शिट्टी वाजते आणि मग वाफ बाजूने उसळते. शिट्टी वाजली असणार. ती तर बहिरीच, आणि दोन ड्रायर चालू असताना आमच्यासारख्या ऐकणाऱ्यांनाही काही कळलं नाही. उजव्या हाताच्या मनगटापासून बोटांपर्यंत वाफ बसली. नऊ वर्षं ती आमच्यात होती, पण तिचा आवाज आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. परत कधी ऐकायला लागू नये.

त्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर तिला ठेवलं. सहाव्या दिवशी तिची धाकटी बहीण एक कागद घेऊन धुलाईखान्यात आली. वाफेने तो मोठ्याने वाचायला घेतला आणि अर्ध्यातच तिचा आवाज बदलला. ‘सदर कर्मचाऱ्याने प्रशिक्षणाचा व्हिडिओ पाहून तशी स्वाक्षरी केली असूनही सूचनांचे पालन केले नाही. अपघात निष्काळजीपणामुळे झाला. चौकशी होईपर्यंत बिनपगारी रजा.’

बहीण म्हणाली, “ताई, तिने मला खुणेनं विचारलंय, मी काय पाहिलं होतं? मी तिला काय सांगू?”

वाफेने कागदाची घडी केली, खिशात घातला आणि ओल्या चपलांनीच ऑफिसात गेली. मी मागोमाग गेले, कारण तिने काही फेकून मारलं तर धरायला कुणीतरी हवं होतं.

“साहेब, तो व्हिडिओ चाललाच नव्हता.”

“मग सही का केलीत?”

“तुम्ही करायला लावलीत.”

“मी हात धरला होता का तुमचा?” साहेबांनी मान वर केली नाही. “आणि चालला नव्हता कसा? आवाज येत होता. सगळ्यांनी ऐकला.”

“ती बहिरी आहे!”

“तसं रजिस्टरमध्ये कुठे लिहिलंय?”

वाफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर पाण्याचा ग्लास होता. तिने तो हातात घेतला, मी तिचा कोपर धरला. तिने ग्लास पुन्हा होता तिथे ठेवला आणि म्हणाली, “त्या व्हिडिओत असं काय आहे, की जे तिने पाळलं नाही?”

साहेब समोरचे कागद उलटेपालटे करायला लागले. मला त्या क्षणी कळलं, यांनीसुद्धा तो पाहिलेला नाही.

चौकशी पुढच्या गुरुवारी होती. हातात आठ दिवस. हॉस्पिटलचा कॉम्प्युटरवाला आला, तो खिशातून हात न काढताच म्हणाला, “मशीन म्हातारं झालंय. यावर आता काही होत नाही. नवीन मागवा.” खुर्चीवर टेकलासुद्धा नाही. तो गेल्यावर वाफ म्हणाली, “मेला आजारी माणसाची नाडी न बघता तिरडीची ऑर्डर देऊन गेला!”

वाफेला कॉम्प्युटरमधलं फक्त गाठोड्यांचे आकडे भरता यायचे. पण ती म्हणायची, बॉयलर तरी मला कुणी शिकवला होता? दुपारी दोनला पाळी संपली की ती त्या खोलीत जाऊन बसायला लागली. सोबत एक वही. काय केलं, काय झालं, किती वाजता, सगळं लिहायचं. बॉयलरचीही ती अशीच वही ठेवायची.

पहिल्या दिवशी तिने घरून सुनेच्या फोनमधला एक जुना व्हिडिओ पेनड्राइव्हवर आणला. नातवंडाच्या बारशाचा की कशाचा तरी. तो या कॉम्प्युटरवर नीट चालला, चित्रासकट. वाफेने वहीत लिहिलं : पडदा चांगला, आवाज चांगला, दोष आमच्या व्हिडिओत किंवा तो उघडण्यात.

तिची सून शाळेत शिकवते. तिने फोनवरून समजावलं. “आई, व्हिडिओ मोठा असतो म्हणून तो आवळून बांधलेला असतो. हल्ली बांधायची नवी रीत आलीय. तुमच्या जुन्या प्लेयरला आवाजाची गाठ सोडवता येते, चित्राची येत नाही. दुसरा प्लेयर लागेल. मी पेनड्राइव्हवर देते, तो बसवावा लागत नाही, तिथूनच चालतो. पासवर्ड मागणार नाही.”

“म्हणजे एवढंच होतं?”

“एवढंच असावं.”

“आणि तो खिशात हात घालणारा म्हणे काही होत नाही!” वाफ एवढ्या जोरात ओरडली की सून पलीकडे हसायला लागली. वाफ मुळीच हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेनड्राइव्ह लावणार, तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, “ताई, थांबा. तुम्ही हा चालवून दाखवलात, तर साहेब म्हणतील, बघा, चालतोय की! मग आपण काय सांगणार?”

ती खुर्चीत मागे टेकली. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “खरंय तुझं. पण त्यात काय सांगितलंय ते बघितल्याशिवाय मी भांडू कशी? नुसता आरडाओरडा केला तर म्हणतील, वाफ आहे ती, उडून जाईल.” म्हणजे तिला ते नाव माहीत होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पुढे म्हणाली, “फोन काढ. आधी काळा पडदा आहे तसा टिपून घे. जुन्या प्लेयरवर, आवाजासकट.” मी टिपला. मग तिने पेनड्राइव्ह लावला.

चित्र आलं. पांढऱ्या कोटातली एक बाई, मागे चकचकीत धुलाईखाना. आमच्यासारखा नव्हता, पण होता धुलाईखानाच. आम्ही दोघी खुर्ची ओढून पुढे सरकलो, आणि चित्र अडखळायला लागलं. बाईचं तोंड एकीकडे, आवाज दुसरीकडे. चौथ्या मिनिटाला अडकलं. परत लावलं तर सातव्याला. परत लावलं तर तिसऱ्याला. पेटीला हात लावला तर चटका बसला, आणि आतला पंखा दमेकऱ्यासारखा घरघरत होता.

“ही तर आपल्या ड्रायरची तऱ्हा,” वाफ म्हणाली. तिने वायर काढली, पेटी गार होऊ दिली, बाजूचे दोन स्क्रू काढले. आत काय होतं म्हणता? कापडाची लव. आमच्याच चादरींची. वर्षानुवर्षं बसून पंख्यावर तिची गादी झाली होती. एवढी गादी तर आम्हाला बसायलासुद्धा कधी कुणी दिली नाही. वाफेने पंख्याच्या पात्यांत पेन्सिल अडकवली, तो फिरून बिघडू नये म्हणून, आणि मऊ ब्रशने, मग सायकलच्या पंपाने सगळं उडवून काढलं. मूठभर करडी लव निघाली. पंखा गप्प झाला. चित्र लोण्यासारखं पुढे जायला लागलं.

आणि अकरा मिनिटं चाळीस सेकंदांवर थांबलं.

परत लावलं. अकरा चाळीस. पेटी गार. कॉम्प्युटर बंद करून लावला. अकरा चाळीस. पांढऱ्या कोटातली बाई एक हात वर करून तशीच उभी. खाली लिहिलेलं दिसत होतं, एकूण लांबी चोवीस मिनिटं दहा सेकंद. वाफेने टेबलावर मूठ आपटली. मग वही उचलून ती घरी गेली.

बाकी मला तिच्या घरून कळलं. तिचे यजमान बस चालवायचे, आता निवृत्त. त्यांना तिच्या रागाची सवय होती. ते सहसा पेपर वर धरायचे आणि जोर ओसरायची वाट बघायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी पेपर खाली ठेवला. “अगं, गाडी रोज वेगळ्या ठिकाणी बंद पडली तर गाडीत दोष. रोज एकाच ठिकाणी पडली तर रस्ता बघायचा. तुझा कॉम्प्युटर आता बरा आहे. तुझा व्हिडिओच तिथे संपतोय.”

सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधीच ती तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथे नर्सेसची प्रशिक्षणाची खोली. तिथल्या शिकवणाऱ्या सिस्टरने तोच व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून दिला. दुपारी आम्ही दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवल्या. नाव एकच. सिस्टरची चारशे दोन एमबी. आमची एकशे चौऱ्याण्णव. आमची अर्धीसुद्धा नव्हती! ऑफिसातून कुणीतरी ती नेटवरून उतरवली होती, मध्येच तुटली, आणि जुन्या ब्राउझरने तुटलेल्या फाइललाच पुरी समजून ठेवून दिलं. तारीख आमच्या सह्यांच्या आदल्या दिवसाची. त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नव्हता.

“म्हणजे,” मी म्हटलं, “या कॉम्प्युटरवर कुणालाही, कधीही…”

“बाराव्या मिनिटापुढचं काही दिसूच शकलं नसतं. ऐकूसुद्धा आलं नसतं,” वाफ म्हणाली. “त्यांचा आवाजही अर्धाच होता.” मग ती हसली. ते हसू मला आवडलं नाही.

सिस्टरची फाइल लावली. सोळाव्या मिनिटाला आमचा प्रेस आला, तसाच, दोन पाट्यांचा. कोटवाली बाई सांगत होती : वाफ सोडणारी झडप दर महिन्याला तपासा, तपासल्याच्या तारखेची चिठ्ठी झडपेला बांधा. जिथे शिट्टी ऐकू येणार नाही, गोंगाटामुळे किंवा कामगाराला ऐकू येत नसल्यामुळे, तिथे शिट्टीबरोबर लाल दिवा बसवा.

वाफ उठली. आम्ही प्रेसपाशी गेलो. झडपेला तारेने एक चिठ्ठी बांधलेली होती, वाफाऱ्याने पिवळी पडलेली. त्यावर तारीख होती. तीन वर्षं चार महिन्यांपूर्वीची. ती चिठ्ठी आम्ही रोज बघत होतो. तिचा अर्थ आम्हाला कुणी सांगितला नव्हता आणि आम्ही कुणाला विचारला नव्हता.

गुरुवारी चौकशीला तिघंजण. अध्यक्ष म्हणून एक वयस्कर डॉक्टरीणबाई, कामगार खात्यातले एक गृहस्थ आणि आमचे साहेब. वाफेने आधीच कळवलं होतं, कॉम्प्युटर हलवता येत नाही, तुम्ही खाली या. इस्त्रीवाली हाताला बँडेज बांधून बहिणीशेजारी बसली होती. बहीण तिला खुणांनी सगळं सांगत होती.

वाफेने आधी माझ्या फोनमधला काळा पडदा दाखवला. मग दुरुस्त केलेल्या कॉम्प्युटरवर आमचाच व्हिडिओ लावला. चित्र स्वच्छ चालायला लागलं. साहेब खुलले. “बघा! चालतोय की! मी म्हणत होतो.”

“बघा ना साहेब,” वाफ म्हणाली. “पहिल्यांदाच बघताय, सावकाश बघा.”

अकरा मिनिटं सगळे पडद्याकडे बघत राहिले. मग कोटवाली बाई हात वर करून थांबली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पुढे?”

“पुढे नाहीच बाई. धुलाईखान्याला एवढाच दिला होता. प्रेसचं सोळाव्या मिनिटाला आहे.” तिने दोन्ही फाइलींचे आकडे दाखवले, तारीख दाखवली, मग पुरा व्हिडिओ लावला. लाल दिव्याचं वाक्य आलं तेव्हा इस्त्रीवालीच्या बहिणीचे हात खुणा करता करता हवेतच थांबले. डॉक्टरीणबाई उठून प्रेसपाशी गेल्या, चष्मा लावून चिठ्ठी वाचली आणि परत आल्या.

साहेब घाईघाईने म्हणाले, “देखभालीचं काम माझ्याकडे येत नाही.”

“तुमच्याकडे येतं तरी काय?” वाफ उसळली. “चित्र दिसत नाही तर ऐका म्हणालात, बहिऱ्या बाईसमोर! तिचा हात भाजला तेव्हा सही दाखवलीत. तीन वर्षं झडपेकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही आणि निष्काळजी कोण, तर ती? दोन स्क्रू काढायचे होते. एक फाइल परत उतरवायची होती. एवढ्यासाठी हिचा हात गेला!”

कामगार खात्याचे गृहस्थ म्हणाले, “बाई, सही तर तुमचीही आहे. खोटी.”

वाटलं, आता वाफ त्यांच्याही अंगावर जाणार. पण ती एकदम खाली बसली. “आहे,” ती म्हणाली. “ती आधी लिहा. मी खोटी सही केली आणि आठजणींना करायला लावली. हिला नको होती करायची. पेन मी दिलं तिच्या हातात. माझं लिहून झालं की मग खाली लिहा, आम्हाला ती कुणी करायला लावली.”

निकाल महिन्याभराने आला. इस्त्रीवालीची रजा पगारी झाली, नोकरी राहिली, उपचाराचा खर्च हॉस्पिटलने उचलला. माफीचा एक शब्द नाही. ‘प्रशिक्षणाच्या अंमलबजावणीत त्रुटी आढळल्या’, बस. त्रुटी कुणाच्या, तर कुणाच्याच नाहीत, जशा काही त्या आपल्या पावलांनी चालत आल्या होत्या. साहेबांची बदली झाली, वरच्या मजल्यावर, आधीपेक्षा मोठ्या खोलीत. वाफेला खोट्या सहीबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती तिने घेतली, वाचली आणि खिशात ठेवली. साहेबांच्या बदलीचं कळलं तेव्हा मात्र तिने साबणाची अख्खी बादली लाथेने उडवली. ती पुसायला आम्हाला अर्धा तास लागला आणि कुणीही तक्रार केली नाही.

इस्त्रीवाली चार महिन्यांनी कामावर आली. हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती. ती आम्हा सगळ्यांना भेटली, वाफेला नाही. डबा खायला बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. वाफ काही सांगायला गेली की मान फिरवायची. आणि बहिऱ्या माणसाने मान फिरवली की बोलण्याची वाटच बंद होते. वाफ मला म्हणाली, “मी हिच्यासाठी एवढी भांडले आणि ही बघतसुद्धा नाही.” मी म्हटलं, “ताई, तुम्ही साहेबांशी भांडलात. हिच्याशी कुठे बोललात?”

पुढच्या आठवड्यात ती इस्त्रीवालीच्या बहिणीकडे जाऊन काही खुणा शिकून आली. एका सकाळी प्रेस तापायच्या आत ती समोर उभी राहिली. इस्त्रीवालीने मान फिरवली, तर ही त्या बाजूला गेली. पुन्हा फिरवली, पुन्हा गेली. शेवटी तिला बघावंच लागलं. वाफेचे जाडजूड, साबणाने फुटलेले हात चुकतमाकत हलायला लागले. तू नाही म्हणालीस. मी ऐकलं नाही. चूक माझी.

इस्त्रीवालीने बराच वेळ पाहिलं. मग तिचे हात सुरू झाले, भराभर, रागाने, भाजलेला हात मध्येच अडखळत होता तरी. आम्हाला काही कळलं नाही. वाफेलाही निम्मं कळलं नसावं, पण ती जागची हलली नाही आणि मध्ये बोलली नाही. एकतीस वर्षांत तिला कुणाचं एवढं मुकाट ऐकून घेताना मी पाहिलं नव्हतं.

सगळं बोलून झाल्यावर इस्त्रीवालीने ओल्या चादरींच्या टोपलीकडे बोट केलं. मग स्वतःचा हात दाखवला. टोपली जड होती, एका हाताने उचलत नव्हती. वाफेने एक कान धरला, तिने दुसरा. दोघींनी ती प्रेसपाशी नेली. मग दुसरी. मग तिसरी.

त्या दिवशीही डबा खायला ती दुसऱ्याच टोकाला बसली.